उघडे फाटक

सेवा म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठे प्रसंग उभे राहतात. महापुरात बुडणाऱ्याला हात देणारा, आगीत शिरून लेकरू बाहेर काढणारा, वारीच्या वाटेवर तहानेल्या वारकऱ्यांना पाणी पाजणारा, हे सारे सेवकच. आणि त्यांच्यापुढे समाजाने मस्तक नमवावे हे योग्यच आहे. परंतु अशीही एक सेवा आहे की, तिच्यात धाडस नाही, गाजावाजा नाही, आणि पाहणाऱ्याला ती सेवा आहे असे वाटतही नाही. एखाद्या गृहस्थाने आपले घर व बाग विचारपूर्वक उभारलेली असावी. थोड्या पाण्यात आणि विषारी औषधांवाचून ती बाग फुललेली असावी. वर्षातून एक दिवस त्याने आपले फाटक सर्वांसाठी उघडावे. आणि त्या फाटकापाशी अर्धा दिवस उभे राहून एखाद्या स्वयंसेवकाने येणाऱ्याचे स्वागत करावे, त्याला वाट दाखवावी, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. एवढेच ते काम.

यात सेवा ती कोणती, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, पाणी, माती आणि हवा जपण्याचे जे ज्ञान ग्रंथांतून व भाषणांतून लोकांच्या अंगवळणी पडत नाही, ते उघड्या फाटकातून सहज पोहोचते; आणि फाटक उघडे राहावयाचे, तर त्याच्यापाशी उभा राहणारा प्रामाणिक माणूस लागतो.

हे कसे, ते समजण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्याकडे पाहावे. तेथे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला अलामीडा आणि कॉन्ट्रा कॉस्टा असे दोन परगणे आहेत. ओकलंड, बर्कली ही प्रसिद्ध नगरे त्यांतलीच. या प्रदेशाचे ऋतुमान महाराष्ट्राच्या अगदी उलट आहे. तेथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळ्याचे चारपाच महिने बहुधा कोरडेच जातात. ज्या दिवसांत कोकणातील घरांच्या पागोळ्या अखंड गळत असतात, त्याच दिवसांत तेथील डोंगर वाळलेल्या गवताने पिवळेधमक दिसतात. अशा हवामानात वाढलेली झाडेही काटकच असतात. ओक, मंझनिटा, निळ्या फुलांचा सिअनोथस, केशरी रंगाची कॅलिफोर्निया पॉपी, ही सारी हिवाळ्याच्या पावसावर पोसतात आणि उन्हाळा धीराने काढतात.

परंतु तेथील असंख्य घरांपुढे ही झाडे दिसत नसत. तेथे दिसे ती गुळगुळीत कापलेली, बारा महिने हिरवी ठेवलेली हिरवळ. हिरवळ ही मुळात इंग्लंडच्या रिमझिम पावसाची लेक. त्या देशात ती आईच्या घरी असते. तिला कोणी पाणी घातले नाही तरी आकाश घालते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तिला नळाच्या पाण्यावर जगवावे लागते. त्या राज्यातील शहरी भागात जेवढे पाणी वापरले जाते, त्यापैकी सुमारे निम्मे घराबाहेर, मुख्यतः बागांवर खर्च होते, असा जाणकारांचा अंदाज आहे. आणि हे पाणी तरी कोठून येते? वर सांगितलेल्या परगण्यांतील बहुतेक वस्तीला ते सिएरा नेवाडा पर्वतातून उतरणाऱ्या मोकेलमी नदीचे मिळते, आणि सुमारे 90 मैलांची वाट नळांतून चालून येते. इतक्या दुरून आणलेले पिण्याजोगे पाणी पायाखालच्या गवतावर ओतणे, हे कोणाही विचारी माणसाला खटकावे.

मग ते लोकांना का खटकत नव्हते? त्याचे कारण अज्ञान हे नव्हे. पाणी दुर्मीळ आहे, हे तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. खरे कारण म्हणजे 'लोक काय म्हणतील' ही भीती. एका रांगेतील सर्व घरांपुढे हिरवळ असताना एकट्यानेच ती काढून टाकली, तर शेजारी नाक मुरडतील, घराची शोभा गेली असे म्हणतील, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असे. कित्येक वसाहतींत घरमालकांचे संघ असतात, आणि अंगणातील गवत पिवळे पडले तर घरमालकाला दंड करण्यापर्यंत त्यांची मजल जात असे. शेवटी 2014 साली राज्यालाच कायदा करावा लागला की, अवर्षणाच्या काळात हिरवळीला पाणी घातले नाही म्हणून कोणाला दंड करू नये! शेजाऱ्याचा डोळा किती बलवान असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हे अवर्षण काही लहानसहान नव्हते. 2012 पासून 2016 पर्यंत त्याने कॅलिफोर्नियाला ग्रासले. 1 एप्रिल 2015 रोजी राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन हे सिएरा नेवाडा पर्वतातील बर्फ मोजण्याच्या जागी गेले. एरवी त्या दिवसांत तेथे सुमारे पाच फूट बर्फ असावयाचा. त्या दिवशी गव्हर्नर उभे होते ते उघड्या, वाळलेल्या गवतावर. तेथूनच त्यांनी नगरांतील पाण्याचा वापर 25 टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम दिला. त्या राज्याच्या इतिहासात अशी सक्तीची कपात पूर्वी कधी झाली नव्हती. लोकांनीही हुकूम मानला. जून 2015 पासून पुढच्या वर्षभरात 2013 सालच्या मानाने 24 टक्क्यांहून थोडी अधिक बचत झाली.

यावरून कोणी म्हणेल, मग हुकूमच पुरे आहे. घरे आणि बागा दाखवीत बसण्याचे प्रयोजन काय? या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. संकट दारात उभे असताना हुकूम चालतो. परंतु संकट टळले, पाऊस पडला, धरणे भरली की हुकूम मागे घेतला जातो, आणि माणसाचा हात पुन्हा नळाच्या तोटीकडे वळू लागतो. भीतीने सोडलेली सवय भीती सरताच परत येते. आवडीने सोडलेली सवय मात्र सहसा परत येत नाही. हिरवळीवाचूनही अंगण सुंदर दिसते, किंबहुना अधिक सुंदर दिसते, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला कोणाच्या हुकमाची गरज उरत नाही. तेव्हा प्रश्न असा की, हे त्याला दाखवावे कोणी आणि कोठे?

या प्रश्नाचे एक उत्तर त्या दोन परगण्यांतील लोकांनी अवर्षणापूर्वीच शोधून ठेवले होते. 2005 साली तेथे एक उद्यानफेरी सुरू झाली. 'ब्रिंगिंग बॅक द नेटिव्ह्ज' असे तिचे नाव. म्हणजे 'देशी झाडांना परत आणू या'. या फेरीत राजवाड्यांची उद्याने नसतात. साध्या गृहस्थांच्या घरापुढच्या व घरामागच्या बागा तिच्यात असतात. मात्र बागेची निवड होण्यास काही अटी आहेत. तिच्यात त्या प्रदेशातील देशी झाडांचा मोठा भाग असावा. तिला पाणी थोडे लागावे. रासायनिक कीटकनाशके तिच्यात वापरलेली नसावीत. आणि पक्षी, मधमाश्या, फुलपाखरे यांना तिने आसरा द्यावा. ज्यांना पाहावयास यावयाचे असेल, त्यांनी आधी नाव नोंदवावे, आणि वसंतातील ठरलेल्या दिवशी यादी घेऊन एका बागेतून दुसऱ्या बागेत जावे.

आत शिरलेल्या पाहुण्याला काय दिसते? कोणी हिरवळीवर टाकाऊ पुठ्ठे अंथरून त्यांवर कंपोस्ट खत आणि लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर दिलेला असतो. खालचे गवत उजेडावाचून मरते, पुठ्ठा कुजून माती होते, आणि त्याच जागी नवी रोपे लागतात. उकरणे नाही, विष फवारणे नाही. कोठे मुळांशी थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्या असतात. या ठिबक सिंचनाची ओळख महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या मुलांना निराळी करून द्यावयास नको. कोठे धुण्याच्या यंत्रातून निघालेले पाणी नळीने थेट फळझाडांच्या आळ्यात सोडलेले असते. 2009 साली तेथील नियम बदलले, आणि असे साधे काम परवान्यावाचून करता येऊ लागले.

हे वाचून महाराष्ट्रातील एखाद्या आजीबाईला हसू येईल. तिच्या परसात मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जातच होते. त्यासाठी तिला कोणी परवाना मागितला नव्हता, आणि ते पाहावयास कोणी पाहुणेही आले नव्हते. तिचे हसणे योग्यच आहे. परंतु त्या हसण्यात एक विचार दडलेला आहे. गावोगावची परसे बुजली, त्यांवर फरशा आल्या, आणि अळूची आळीही त्यांखाली गेली. जी चांगली रीत कोणी कोणाला दाखवीत नाही, ती किती मुकाट्याने नाहीशी होते, हे त्यावरून कळते.

ऐकण्यापेक्षा पाहण्याचे बळ अधिक, याचा पुरावाही कॅलिफोर्नियातच मिळतो. त्या राज्याच्या दक्षिण भागात सँटा मोनिका नावाचे नगर आहे. तेथे 2004 साली एकमेकांशेजारच्या दोन घरांपुढे दोन बागा लावण्यात आल्या. एक नेहमीच्या पद्धतीची, हिरवळीची. दुसरी देशी झाडांची. दोहोंचे पाणी, कचरा आणि श्रम यांचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवण्यात आला. देशी बागेला सुमारे चारपंचमांश पाणी कमी लागले, तिच्यातून कचरा निम्म्याहून कमी निघाला, आणि तिच्या निगराणीचे श्रमही सुमारे दोनतृतीयांशांनी कमी झाले. हे आकडे कागदावर वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो. रस्त्यावर उभे राहून दोन्ही बागा एका दृष्टिक्षेपात पाहणारा मात्र घरी जाऊन आपल्या अंगणाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

हीच गोष्ट घरांच्या छपरांची. ब्रायन बोलिंजर आणि केनेथ गिलिंगहॅम या दोन अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील घरांवर बसविलेल्या सौरविजेच्या तावदानांचा अभ्यास केला, आणि तो 2012 साली प्रसिद्ध झाला. एका वस्तीतील काही घरांनी अशी तावदाने बसविली की त्या वस्तीत आणखी घरे तीच वाट धरण्याचा संभव वाढतो, असे त्यांना आढळले. शेजाऱ्याचा जो डोळा पिवळ्या गवताला हसत होता, तोच डोळा चांगले पाहू लागला की चांगल्याचे अनुकरण करतो. त्या डोळ्याला दोष देत बसण्यापेक्षा त्याच्यापुढे चांगले दृश्य ठेवणे शहाणपणाचे.

आता स्वयंसेवकाकडे वळावे. बागेचा धनी एकटा असतो, आणि फेरीच्या दिवशी त्याच्या अंगणात शेकडो माणसे येऊ शकतात. त्याने स्वागत करावे की प्रश्नांची उत्तरे द्यावीत? कोवळ्या रोपांवर पाय पडू नये म्हणून पाहावे, की आलेल्यांची संख्या टिपावी? ही सारी कामे त्याच्यावर पडली, तर पुढच्या वर्षी तो फाटक उघडणार नाही. म्हणून स्वयंसेवक लागतात. ते फाटकापाशी उभे राहतात, यादी पाहतात, माणसे मोजतात, वाटेवरूनच चालण्याची नम्र विनंती करतात, आणि धन्याला थोडी उसंत मिळवून देतात. त्यांचे काम अर्ध्या दिवसाचे असते. उरलेला अर्धा दिवस ते स्वतः इतर बागा पाहण्यात घालवू शकतात. अशा रीतीने देणारा तोच घेणाराही होतो.

हे काम करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. परंतु एक गुण मात्र लागतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. तो गुण म्हणजे खरेपणा. आपल्या बाजूची गोष्ट सांगताना ती थोडी रंगवून सांगण्याचा मोह कोणाला होत नाही? देशी बाग स्वस्त, सोपी आणि पहिल्या दिवसापासून सुंदर, असे सांगितले की ऐकणारा खूश होतो. परंतु ते खरे नव्हे. सँटा मोनिकाच्या त्याच दोन बागांत सुरुवातीचा खर्च देशी बागेचाच अधिक झाला होता. काटक झाडांनाही मुळे खोल जाईपर्यंत पहिला दुसरा उन्हाळा पाणी घालावे लागते. नवी लावलेली बाग वर्षभर उघडीबोडकी दिसते. या गोष्टी लपवून ज्याला उत्साह दिला, तो पहिल्याच उन्हाळ्यात निराश होईल, आणि 'ते सारे थोतांड आहे' असे दहा जणांना सांगत सुटेल. ज्याला अडचणींसह सत्य सांगितले, तो मात्र तयारीने आरंभ करील आणि टिकून राहील.

अर्धवट माहिती तर कधीकधी अज्ञानाहूनही घातक ठरते. मोनार्क नावाच्या फुलपाखराचे उदाहरण घ्यावे. याच्या सुरवंटांना मिल्कवीड जातीच्या झाडांची पाने लागतात. दुसरे काही ती खात नाहीत. मिल्कवीड हे महाराष्ट्रातील रुईचे दूरचे नातलग होय. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडील मोनार्क हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील झाडांवर थव्यांनी विसावतात. 1980 च्या सुमारास त्यांची संख्या लक्षावधींच्या घरात होती. 2020 च्या हिवाळ्यातील मोजणीत ती दोन हजारांहूनही कमी भरली. पुढच्याच वर्षी ती दोन लाखांवर गेली, तरी 2024 च्या मोजणीत पुन्हा सुमारे नऊ हजारांवर उतरली. ही वार्ता ऐकून कित्येक दयाळू माणसांनी रोपवाटिकेतून मिल्कवीड आणून लावले. परंतु त्यांतले पुष्कळसे परदेशी जातीचे होते. महाराष्ट्रात ज्या लालपिवळ्या फुलांच्या झाडाला हळदीकुंकू म्हणतात, तेच ते. देशी मिल्कवीड हिवाळ्यात सुकून जाते. हे झाड मात्र किनाऱ्यावरील सौम्य हिवाळ्यात हिरवेच राहते. त्यामुळे त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या एका रोगाचे जंतू साचत जातात. फुलपाखरांच्या विसाव्याच्या जागांजवळ तर देशी मिल्कवीडही लावू नये, मधाची फुले लावावीत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. हेतू चांगला असूनही हाताने अपाय घडतो, तो असा. ज्या स्वयंसेवकाला हे ठाऊक आहे, त्याने ते सांगावे. ज्याला ठाऊक नाही, त्याने अंदाजाने बोलू नये. 'मला माहीत नाही, बागेच्या धन्यांना विचारू या,' हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा नाही. फाटकापाशी बोलले जाणारे ते कदाचित सर्वांत मोलाचे वाक्य असेल.

अशा फेऱ्यांवर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, स्वतःचे घर आणि स्वतःचे अंगण असणाऱ्यांचाच हा खेळ आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने तेथे जाऊन काय पाहावे? यात तथ्य आहे. फेरीत केवळ खर्चिक बागा असतील, तर ते श्रीमंतीचे प्रदर्शन होईल. म्हणून लहान, थोड्या पैशांत उभ्या केलेल्या बागांनाही तिच्यात मानाचे स्थान मिळाले पाहिजे. टाकाऊ पुठ्ठ्याला मोल पडत नाही; आणि खिडकीत ठेवलेल्या कुंडीतील देशी फुलावरही मधमाशी येतेच. शिवाय फाटकापाशी उभे राहण्यास स्वतःचे अंगण असावे लागत नाही. ज्याच्या मालकीची वीतभर जमीन नाही, तोही त्या दिवशी त्या बागेच्या कामात भागीदार होतो.

दुसरा आक्षेप असा की, पृथ्वीचे रक्षण पाहण्यास निघालेले हे पाहुणे स्वतः मोटारी उडवीत येतात. हाही आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर एकच: जवळची बाग आधी पाहावी, आणि शक्य तर पायी वा सायकलीने जावे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी स्थिती होऊ देऊ नये. तिसरा आक्षेप असा की, दहापाच बागांनी असे काय होणार? कारखाने आणि विस्तीर्ण शेते यांच्यापुढे एका अंगणाचे पाणी ते किती! मोठ्या प्रश्नांना मोठे कायदे लागतात, यात शंका नाही; आणि बाग पाहिली म्हणून कायद्याचे काम संपत नाही. परंतु कायदे करणारे आणि पाळणारे लोकच असतात. ज्यांनी थोडक्या पाण्यात सुंदर बाग फुललेली पाहिली आहे, तेच लोक पाणी जपण्याच्या कायद्याला मनापासून होकार देतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पाण्याइतकीच लोकमतालाही लागू आहे.

एखाद्याने आपले खासगी फाटक लोकांच्या हितासाठी उघडावे, ही कल्पना मुळात जुनी आहे. घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी जमवावा, म्हणून इंग्लंडमध्ये 1927 साली बागा लोकांना खुल्या करण्यात आल्या. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी ती कल्पना सुचविली होती. प्रवेशाला एक शिलिंग ठेवण्यात आले. त्या वर्षी 609 बागांनी फाटके उघडली, आणि 8,191 पौंड जमले. ती प्रथा आजही चालू आहे. तेथे फाटकातून पैसा गोळा होतो आणि रोग्यांची सेवा होते. कॅलिफोर्नियाच्या फेरीत फाटकातून ज्ञान बाहेर पडते आणि भूमीची सेवा होते. दोहोंचे मर्म मात्र एकच आहे. जे सुख मालकीचे आहे, त्यात थोडा वेळ तरी इतरांना वाटेकरी करून घ्यावे.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे महात्मा गांधी 1936 सालापासून राहू लागले. माती, बांबू आणि कौले यांची त्यांची कुटी आजही तेथे आहे, आणि कोणालाही ती आत जाऊन पाहता येते. थोडक्यात कसे राहता येते, हे ती कुटी एक शब्दही न बोलता सांगते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तोही याच तत्त्वावर. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करावा, त्याचा अनुभव दुसऱ्या शेतकऱ्यापुढे मोकळेपणाने मांडावा, आणि अशा रीतीने ज्ञान हातोहात पुढे जावे, ही त्यांची दृष्टी होती. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी त्या मार्गाने पुष्कळ मिळविले. झाकून ठेवलेली विद्या एकट्याची राहते. दाखविलेली विद्या गावाची होते.

म्हणून कॅलिफोर्नियाच्या उदाहरणापासून महाराष्ट्रातील मुलांनी घ्यावयाचे ते तेथील झाडे नव्हेत. मंझनिटा सह्याद्रीच्या पावसात कुजेल, आणि पॉपी मराठवाड्याच्या वैशाखात करपेल. प्रत्येक भूमीची झाडे निराळी, ऋतू निराळे, पाण्याच्या वाटाही निराळ्या. घ्यावयाची ती रीत. गावात कोणी छपरावरचे पाणी विहिरीत सोडले असेल, कोणी गच्चीवर पालापाचोळ्याच्या खतात भाजी पिकविली असेल, कोणाच्या परसात अजून मोरीच्या पाण्यावर अळू डोलत असेल. त्या घरच्या काकांना किंवा आजींना विनंती करावी की, वर्षातील एक सकाळ त्यांनी दार उघडे ठेवावे. त्यांच्या होकाराखेरीज कोणाला आत आणू नये. ते घर त्यांचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. मुलांनी आधी स्वतः सारे समजून घ्यावे. किती पाणी वाचले, किती खर्च आला, कोणते रोप मेले, हे वहीत टिपावे. आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून जसे आहे तसे सांगावे.

या कामाला पदक मिळत नाही. दिवस संपतो, पाहुणे निघून जातात, फाटक मिटते, आणि फाटकापाशी उभ्या राहिलेल्याचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही. परंतु पाहुण्यांपैकी एखादा घरी जातो, आपल्या अंगणातील तहानेल्या गवताकडे पाहतो, आणि त्याच संध्याकाळी जुने पुठ्ठे शोधू लागतो. पुढच्या वर्षी कदाचित त्याचेही फाटक उघडते. एका उघड्या फाटकातून दुसरे उघडावे, यापरते फळ त्या सेवेला नको.